मार्गशीर्षातला नाताळ

आमच्या घराची दर नाताळाला एकच भिंत रंगते. दार उघडल्यावर समोर दिसते ती. बाकीच्या तिन्ही भिंती कपाटानं, पलंगानं आणि कपड्यांच्या दोरीनं झाकलेल्या, त्यांना रंग लावून दाखवायचा कुणाला? ही युक्ती माझी. नवरा दरवर्षी म्हणतो की हे बरं दिसत नाही, अर्धवट काम आहे. मी दरवर्षी म्हणते, ब्रश तुमच्याच हातात आहे, चालू द्या पुढे. मग तो ब्रश धुऊन ठेवतो.

ऋण काढून सण करायचा नाही, हे माझ्या आईनं मला शिकवलं आणि नवऱ्याची सातपूरची कंपनी बंद पडल्यावर ते शिकलेलं कामाला आलं. तो आता इथे नाशिक रोडलाच एका सोसायटीच्या गेटवर बसतो. मुलगा अंबडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. मी घरात फॉल-पिको करते. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि म्हणायला गॅलरी. अशा घरात नाताळ एकदम येत नाही, त्याला नोव्हेंबरपासून थोडं थोडं आणावं लागतं. एका आठवड्यात रवा, पुढच्यात साखर, मग तेलाची पिशवी. सुकं खोबरं महाग झालं की करंजीच्या सारणात रवा वाढतो. खाणाऱ्याला कळतं, पण बोलत कुणी नाही, कारण त्याच्या घरच्या करंजीतही तेच असतं.

दारावरच्या चांदणीचा सांगाडा सासऱ्यांनी बांबूच्या कामट्यांचा केलेला आहे, त्याला फक्त नवा कागद लागतो. संक्रांतीचे पतंग डिसेंबरातच दुकानांत लागतात, तोच कागद आम्ही चांदणीला चिकटवतो. केक कुकरमध्ये, तळाला मीठ पसरून. नानकटाई मात्र भट्टीवर. मैदा, पिठीसाखर आणि तूप घरून डब्यात घालून बेकरीत न्यायचं, तिथल्या परातीत आपल्या हातानं मळायचं, गोळे पत्र्यावर लावून द्यायचे. भट्टीवाला फक्त भाजण्याचे पैसे घेतो. माझ्या तुपात निम्मं वनस्पती असतं. त्याला वासावरून कळत असणारच, पण भला माणूस आहे, इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाही.

मी सांगतेय तो सुनेचा पहिला नाताळ. त्या वर्षी भट्टीवर माझ्याबरोबर ती होती. पोरगी देवळ्याकडची, कांदे पिकवणाऱ्या घरातली, हिंदू. नाशकात कॉम्प्युटरचं शिकायला आली, तिथे माझ्या दिवट्याशी ओळख झाली आणि मे महिन्यात दोघांनी कोर्टात जाऊन लग्न केलं. आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं, तिच्या घरी लग्न झाल्यावर. मी दोन दिवस मुलाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती सकाळी उठून माझ्या आधी पाणी भरून बसली होती, मग माझा राग कुठे ठेवायचा तेच मला कळेना.

तिच्या वडिलांचा राग असा पाण्यानं विरघळणारा नव्हता. त्यांनी एकदाच फोन केला. मीच उचलला. म्हणाले, मला मुलगी नाही, तुम्हाला काय करायचं ते करा. मीही काही कमी नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, बरं झालं, मलाही नव्हती, आता झाली. फोन ठेवल्यावर मला वाटलं, काय झकास उत्तर दिलं. मागे वळून बघते तर सून दाराला टेकून उभी. तिचं तोंड बघितलं आणि माझी सगळी ऐट उतरली. दोन शब्द नरमाईनं बोलले असते तर काय जीभ झडली असती का माझी?

मग दिवाळी आली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक-जावयाला माहेरी बोलावतात, दिवाळसण करतात, हे आमच्यातही सगळ्यांना ठाऊक आहे. सुनेनं कुणाला काही न सांगता साडीला इस्त्री करून ठेवली. मुलाला दोन दिवसांची रजा टाकायला लावली. धनत्रयोदशीपासून ती फोन मांडीवर घेऊन बसायची, भाजी निवडतानासुद्धा. शेजारपाजारच्यांनी फराळाची ताटं आणून दिली, ती घेताना हसायची, आणि परत येऊन फोन मांडीवर. भाऊबीजही गेली. तिनं साडीची घडी मोडली, पुन्हा घातली आणि कपाटात खाली ठेवली. मला त्या माणसाचा असा संताप आला होता की समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. लेकीच्या नाही, माझ्या फोनवर. बाई सरळ विषयाला आली. म्हणाली, "ताई, पंचवीस तारखेला तुमचा सण शे ना? मी येते. ह्यांना सांगून येते, चोरून नाही." मी म्हटलं, अवश्य या, जेवायलाच या. सून शेजारी उभी राहून हातवारे करत होती, मला द्या, मला द्या. दिला तिला. गॅलरीत जाऊन ती त्यांच्या अहिराणीत बोलत राहिली. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. आत आली तेव्हा डोळे लाल, पण पोरगी जमिनीवर नव्हती. मला म्हणाली, आई एकदा येऊन मला नीट बघून गेली ना, तर आप्पांनाही सांगेल. मग होईल सगळं.

म्हणजे सगळी मदार त्या एका जेवणावर. तिचं माहेर उघडणार की कायमचं बंद, ते आमच्या खोलीत, आमच्या ताटांवर ठरणार होतं. हे कळल्यावर माझ्या अंगात वारंच शिरलं.

पहिल्यांदा मी दोन भिंती रंगवायला काढल्या. नवरा बघतच राहिला. पलंगाखालचं सगळं उपसलं, डब्यांना राख लावून घासलं, गॅसच्या शेगडीचे बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळले. स्वयंपाकघराचा पडदा माझ्या जुन्या साडीचा केला, फॉल-पिकोची बाई मी, त्याला काठ असा लावला की विकतचा वाटावा. करंजीत त्या वर्षी खोबरं जास्त पडलं. नानकटाईत वनस्पती नाही, सगळं तूप. भट्टीवाल्यानं डबा उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, घरात लग्न आहे का. मी म्हटलं, तसंच समजा.

खरं सांगायचं तर हे सगळं सुनेसाठी होतं असं मी सगळ्यांना सांगत होते, पण त्यात माझी मिरवायची हौसही होती. त्या माणसानं फोनवर 'मला मुलगी नाही' म्हटलं होतं. त्याच्या बायकोनं घरी जाऊन सांगावं की पोरगी राणीसारखी आहे, आणि त्याच्या तोंडात बसावी, असं मला वाटत होतं.

आणि नाताळाचं मुख्य म्हणजे मटण. वर्षभर आमच्याकडे अंडी, सुकट, कधी रविवारी अर्धा किलो कोंबडी. मटण नाताळालाच. त्यासाठी मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चची, आठ घरं मिळून एक बोकड घेतात. गणपतीपासून दर महिन्याला थोडं थोडं जमा करायचं, सिन्नरकडून बोकड आणायचा आणि चोवीस तारखेला त्याचे आठ वाटे पडतात. वाटा घरी आला की नवऱ्याची चाल बदलते. सून मला मागे कधीतरी सांगत होती की तिची आई मटण इतकं झणझणीत करते की बाप दोन भाकरी जास्त खातो. ते मी लक्षात ठेवलं होतं. म्हटलं, आता विहीणबाईंना आमच्या हातचं दाखवू. मसाला मी पंधरा दिवस आधीच भाजून कुटून ठेवला. सुनेला रोज सांगायची, वाटण असं घालीन, रस्सा असा काढीन, तुझी आई बोटं चाटत राहील. ती हूं म्हणायची आणि पीठ चाळत राहायची. मला वाटायचं, लाजतेय.

तेवीस तारखेला दुपारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचं आमचं चांगलं जमतं, दिवाळीला त्यांचं ताट येतं आणि नाताळाला ते भरून परत जातं. त्या म्हणाल्या, गुरुवारी सुनेला पाठवा, शेवटचा गुरुवार आहे, उद्यापन करतेय, एक सवाष्ण कमी पडतेय. मी म्हटलं पाठवते. मग त्यांनी माझ्या मसाल्याच्या बरणीचा वास घेतला आणि हसून म्हणाल्या, तुमची मजा आहे बाई, आमच्याकडे महिनाभर अंडंसुद्धा आणत नाहीत, मार्गशीर्ष ना.

त्या जिना उतरून गेल्या आणि मी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

आता हा महिना मला माहीत नव्हता असं नाही. नाशकात आयुष्य गेलं. श्रावण आणि मार्गशीर्ष आला की मटणाच्या दुकानातली रांग जाते, खाटीक स्वतःहून चांगला तुकडा काढून देतो, आम्ही त्याला आपले दिवस म्हणतो. महिना मला माहीत होता, पण तो मला बोकडाच्या बाजूनं माहीत होता. पाळणाऱ्याच्या बाजूनं त्याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. घरात कॅलेंडर चर्चचं, त्यात रविवार तेवढे लाल. आणि मी, मार्गशीर्षात, महालक्ष्मीचे गुरुवार करत असेल अशा बाईला मटणाचं आमंत्रण देऊन बसले होते.

सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिला आत ओढलं. तुझी आई मार्गशीर्ष पाळते का? तिनं मान हलवली. कधीपासून? लग्न होऊन आली तेव्हापासून. मग तू पंधरा दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस, असं मी ओरडले. ती चिमटे हातात घेऊन उभी. मग हळूच म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं सांगत होतात. आणि सण तुमचा आहे. मी आल्या आल्या तुमच्या घरातलं मटण कसं बंद करू? मला वाटलं, आई भात-लोणचं खाईल."

मी विचारलं, खाईल का खरंच? दोनदा विचारल्यावर म्हणाली, ह्या महिन्यात ज्या घरात मटण शिजतं तिथे ती पाणीसुद्धा घेत नाही. येईल, बसेल, पण घेणार नाही.

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. मी इतकं बडबडत होते की त्या पोरीला एक वाक्य मध्ये घालायला जागा मिळाली नव्हती. तिची सगळी आशा त्या दिवसावर, आणि तो दिवस आपल्या डोळ्यांदेखत बिघडतोय हे तिला पंधरा दिवस दिसत होतं, तरी ती माझा मसाला चाळून देत होती. जीव तुटला माझा तिच्यासाठी. तोंडानं मी मात्र म्हटलं, मूर्ख आहेस, पुढच्या वेळी बोलत जा.

संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आला. त्याला चहा दिला आणि सांगितलं की ह्या नाताळाला घरात मटण नाही. त्यानं कप खाली ठेवला. पहिल्यांदा त्याला वाटलं बोकड पळाला. मग मी सगळं समजावलं. तो म्हणाला, वेगळ्या पातेल्यात करू. मी म्हटलं, गॅस एकच. तो म्हणाला, फ्रिजमध्ये ठेवू. मी म्हटलं, आणि ती बाई पाण्याची बाटली काढायला आपण फ्रिज उघडल्यावर काय बघणार? तो म्हणाला, वर्षभर वाट बघतो गं मी. एवढंच म्हणाला बिचारा, फार मोठ्यानं पण नाही. त्याच्याही जिवावर आलं होतं आणि मला ते दिसत होतं, पण इलाज नव्हता. मुलगा म्हणाला, पप्पा, तिच्यासाठी. मग नवऱ्यानं कप उचलला.

चोवीसला वाटा आला. चांगला होता मेला, दरवर्षीपेक्षा चांगला, खांद्याकडचा. नवऱ्यानं तो स्टीलच्या डब्यात भरला, डबा पिशवीत घातला आणि बसनं देवळाली कॅम्पला बहिणीकडे नेऊन तिच्या फ्रिजमध्ये ठेवून आला. नणंदेचा मला फोन, काय गं, भांडलात की काय? तिला कारण सांगितलं तर म्हणाली, सुनेचं कौतुक जरा जास्तच चाललंय. मी म्हटलं, हो, चाललंय. विषय संपला.

इकडे मी सुनेला सांगितलं की उद्याचा स्वयंपाक तुझा. तुझ्या आईला जे चालतं ते कर, मी हाताखाली. तिनं डाळ भिजत घातली. त्यांच्याकडे पुरणाच्या पोळ्या पालथ्या मातीच्या खापरावर करतात, हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढ्या मोठ्या. खापर आमच्याकडे कुठलं असायला? ती म्हणाली, तव्यावर करते, लहान होतील. वांग्याचं भरीत, कढी, भात, कुरडया आणि पुरणपोळी. नाताळाला आमच्या घरात पुरणपोळी! माझी आई असती तर तिनं चर्चच्या पाळकांना बोलावलं असतं. पण मी मुकाट्यानं पुरण वाटलं.

पंचवीसला सकाळी सगळे चर्चला गेलो. उपासना झाली, लोकांना सलाम केला, गळाभेटी झाल्या, वाट्यातले भागीदार एकमेकांना विचारत होते, झालं का मटण, किती शिट्ट्या काढल्या. नवरा खाली बघत होता. मी म्हटलं, आमचं दुपारी आहे. खोटं बोलले, तेही नाताळाच्या दिवशी, देव माफ करो.

सून घरी लवकर परतली होती. आम्ही पोहोचलो तर पोळ्यांचा वास जिन्यात. तिनं दिवाळीची ती साडी नेसली होती. मुलगा बसस्टँडवर तिच्या आईला घ्यायला गेलेला. साडेबाराला स्कूटरचा आवाज आला. सून दारात गेली आणि तिथेच थांबली.

मुलाच्या मागे तिचे वडील होते. एकटेच.

पांढरा पायजमा-शर्ट, डोक्याला टोपी, एका हातात कापडी पिशवी आणि मुलाच्या खांद्यावर त्यांनी आणलेलं कांद्यांचं पोतं. मुलाचा चेहरा पांढराफटक. ते दारातच म्हणाले की हिची आई तापानं पडलीय, तिनं पाठवलं म्हणून आलो. सून वाकून पाया पडली. त्यांनी आशीर्वाद दिला की नाही मला कळलं नाही, ओठ हलले एवढंच. मी बसा म्हटलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले, नव्या रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून. सुनेनं पाण्याचा तांब्या आणि पेला समोर ठेवला. त्यांनी पेला उचलला, हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. नवरा हवापाण्याचं बोलला, कांद्याच्या भावाचं बोलला, ते हो, नाही म्हणत राहिले. पेला काही तोंडाला लागला नाही.

मी पानं वाढायला घेतली. माझ्या हातून कुरडई मोडली. सुनेचं काही चुकत नव्हतं. तिनं ताट वाढलं, मीठ, लोणचं, सगळं जागच्या जागी. नवऱ्यानं जेवणाआधी प्रार्थना केली, आणि त्याची प्रार्थना म्हणजे त्या दिवशी संपेचना, आजारी आईसाठी, शेतासाठी, पावसासाठी. व्याह्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. आमेन झाल्यावर त्यांनी ताटाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग माझ्याकडे.

"ताई, आज तुमचा सण. मटण नाही केलं?"

मी म्हटलं, "मार्गशीर्ष आहे ना. विहीणबाई येणार होत्या."

त्यांनी मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले की ते घरातली पाळते, मी नाही पाळत. बाहेर मिळालं तर खातो. नवऱ्यानं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की तिचं उत्तर मी अजून देतेय. सुनेला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला वाटतं ते त्यांनी बघितलं. पहिला घास त्यांनी घेतला. पोळी तव्यावरची आहे हे त्यांनी ओळखलं, म्हणाले, खापर पाठवलं पाहिजे. सुनेनं दुसरी वाढली. त्यांनी हात आडवा केला नाही. मग तिसरी.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. शहाणी बाई बसली असती. पण सात महिने माझ्या पोटात जे साठलं होतं ते मला राहू देईना. मी म्हटलं, "भाऊ, रागावू नका, पण मी बोलणार. दिवाळीत ही पोरगी पाच दिवस फोन मांडीवर घेऊन बसली होती. आज नेसलीय ना, तीच साडी इस्त्री करून ठेवली होती. तुमचा राग तुमच्यापाशी, पण तिला एक फोनसुद्धा नाही?"

मुलगा मला डोळ्यांनी दाबत होता. सून भांडं घेऊन उभी होती तिथेच खाली बसली. मला वाटलं, झालं, घालवलंस तू सगळं, आता हा माणूस उठेल.

ते उठले नाहीत. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. म्हणाले, मीच करू दिला नाही. हिची आई फराळ बांधून बसली होती, निघायलाच. मी म्हटलं, गेलीस तर परत येऊ नको. मग ती तीन दिवस जेवली नाही, तरी मी ऐकलं नाही. हे सांगताना ते माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होते. आणि म्हणाले, या खेपेला मीच तिला जा म्हटलं. तिकिटाचे पैसे दिले. तर काल म्हणते, मी जात नाही, तुम्ही जा.

सुनेनं विचारलं, म्हणजे आईला ताप नाही?

"कसला ताप? सकाळपासून कांदे लावतेय वावरात. मला म्हणाली, मी जाऊन आले तर माझ्या जिवाचं समाधान होईल, तुमचं गाडं आहे तिथेच राहील. तुम्ही बघून या तिला. मी काय, नंतर कधीही जाईन."

मी त्या बाईसाठी दोन भिंती रंगवल्या होत्या. सात महिने ती लेकीसाठी झुरली, कशीबशी एक संधी मिळाली, आणि ती तिनं नवऱ्याला देऊन टाकली. मी तिच्या जागी असते तर दिली नसती. धावत आले असते, लेकीला पोटाशी धरलं असतं आणि नवऱ्याचं त्यानं बघून घ्यावं म्हटलं असतं. मला त्या न भेटलेल्या बाईपुढे लाज वाटली.

त्यांनी उरलेली पोळी संपवली, ताटात काही टाकलं नाही. पेला उचलून पाणी प्यायले. तीनच्या बसला निघाले. मी करंज्या, नानकटाई, केक असं भरून दिलं, केक त्या विहीणबाई मार्गशीर्षात खातील की अंडं आहे म्हणून ठेवून देतील हे विचारायचं मात्र राहिलं. दारात त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, संक्रांतीला ये, ह्यालाही आण. मुलानं हो म्हटलं, जरा मोठ्यानंच.

ते गेल्यावर आम्ही भांडी घासायला बसलो, ती आणि मी. नवरा पलंगावर आडवा झाला होता. सुनेचा फोन वाजला. तिचे हात राखेचे, म्हणून मीच बटण दाबून फोन ओट्यावर ठेवला. तिची आई वावरातून बोलत होती, मागे वारा ऐकू येत होता. मला वाटलं, विचारेल, काय म्हणाले, भांडले का, तुला काही बोलले का. बाईनं यातलं काही विचारलं नाही.

"पोटभर जेवनात का?" ते पोटभर जेवले का, एवढंच विचारलं.

सून म्हणाली, तीन पोळ्या खाल्ल्या. तव्यावरच्या, तरी तीन खाल्ल्या.

तिकडून वाऱ्याचा आवाज आला. मग रडण्याचा आला. सून हातातली परात धरून तशीच बसून राहिली, आणि मी नळ बंद केला, तिला नीट ऐकू यावं म्हणून.